पिसांची माशी, परका मासा आणि पाण्याचे राखणदार

मराठीत मासे धरण्यासाठी शब्दांची वाण नाही. कोणी पाग टाकतो, कोणी जाळे लावतो, कोणी ओढ्याला बांध घालून पाणी उपसतो, कोणी गळ टाकून बसतो. कोकणात लोक गरवायला जातात. या सगळ्या प्रकारांत माशाला एक तर कोंडायचे असते, नाही तर खायला काहीतरी खरे द्यायचे असते. गांडूळ, कणकेची गोळी, कोळंबी, नाकतोडा, काहीही. 'फ्लाय फिशिंग' या प्रकारात यातले काहीच नसते. एका बारीक गळावर कोंबड्याचे पीस, सशाचे चार केस आणि रेशमी दोरा गुंडाळून एक खोटी माशी तयार करायची, ती वाहत्या पाण्यावर खऱ्या किड्यासारखी उतरवायची आणि ट्राउट नावाच्या अत्यंत संशयी माशाला फसवायचे. आणि पुष्कळदा, पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणालाही वाटेल. मात्र या खेळाच्या मागे गेले की पाणी, कीटक, पक्षी, वसाहतीचा इतिहास आणि नदीवरचा हक्क असे बरेच काही हाताला लागते. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सहकारी बँकेत झाली आणि अभ्यास रविवारी. 'मानसोल्लास' या ग्रंथातल्या मत्स्यविनोदाच्या प्रकरणामुळे मी गळाच्या इतिहासाकडे वळलो. तिथून वाचत वाचत ट्राउटपर्यंत आलो आणि अखेर हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात एका छोट्या स्थानिक क्लबबरोबर दोन मुक्काम करून आलो. त्या क्लबच्या मंडळींनी 'आमचे नाव छापू नका, गर्दी वाढते' असे सांगितले आहे, म्हणून ते इथे देत नाही.

वजन दोरीला, माशीला नाही

गळाला लावलेल्या आमिषाला वजन असते, शिवाय शिशाचा गोळा बांधतात. त्यामुळे दगड भिरकवावा तसा गळ दूर जातो आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. पिसांच्या माशीचे तसे नाही. कोंबड्याचे एखादे पीस हातात घेऊन जोरात फेकून पाहा, ते पुढ्यातच पडेल. म्हणून इथे युक्ती उलटी केली आहे. वजन माशीला न देता दोरीला दिले आहे. ही दोरी जाड, गुळगुळीत, टोकाकडे निमुळती होत गेलेली आणि साधारण २५ ते ३० मीटर लांब असते. तिला क्रमांक असतात. ट्राउटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट मिळून अवघे ९ ग्रॅम भरतात. पण नऊ फुटी लवचीक काठीने हे नऊ ग्रॅम हवेत खेळवले की ते माशीला हवे तिथे नेऊन ठेवतात.

हालचाल गाडीवानाच्या आसुडासारखी आहे, फरक इतकाच की आवाज होता कामा नये. काठी मागे न्यायची, कानाजवळ आली की झटक्यात थांबवायची, मागे दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मग पुढे न्यायची. शिकणाऱ्याची सगळी गोची त्या थांबण्यात असते. दोरी मागे उलगडायच्या आधीच हात पुढे येतो आणि माशी पाठीतल्या झुडपात अडकते. क्लबचे जुने जाणते, ज्यांना सगळे 'मास्टरजी' म्हणतात, ते निवृत्त शाळामास्तर आहेत. ते नव्या मुलांना नदीवर नेतच नाहीत. आधी शाळेच्या मैदानात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, जमिनीवर ठेवलेल्या परातीत माशी उतरवायला लावतात. परातीत आवाज न होता लोकर पडू लागली की मग नदी.

दोरीच्या टोकाला नऊएक फूट लांबीचा, निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा असतो आणि त्याच्या शेवटी माशी. जाड दोरी माशाच्या दृष्टीस पडू नये हा त्याचा हेतू. माशी पाण्यावर पडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. नदीचा प्रवाह सगळीकडे एका वेगाने वाहत नाही. मध्ये तो जोरात असतो, दगडाच्या आडोशाला संथ. आपली दोरी जोरातल्या पाण्यावर आणि माशी संथ पाण्यावर असेल तर दोरी माशीला फरफटत नेते. खरा किडा कधी पाण्यावर असा रेघ ओढत जात नाही. ट्राउटला एवढे पुरते, तो खाली निघून जातो. म्हणून दोरीला हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळण द्यावे लागते, म्हणजे माशीला दोन-चार क्षण मोकळे वाहायला मिळतात. सगळा खेळ त्या दोन-चार क्षणांचा.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा एखाद्या दगडाच्या पुढे किंवा मागे, जिथे पाणी मंद आहे तिथे उभा असतो. शेजारून वाहणाऱ्या वेगवान पाण्यातून खाद्य येत राहते. पोहायला कमी शक्ती लागावी आणि खायला जास्त मिळावे असा त्याचा हिशोब असतो. पाण्याखालून त्याला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांची असते आणि तिच्या बाहेर त्याला फक्त नदीच्या तळाचे प्रतिबिंब दिसते. त्यामुळे काठावर वाकून, माशाच्या पाठीमागून जाणे हा शिष्टाचार नसून भौतिकशास्त्र आहे.

किड्यांचे पंचांग

ही खोटी माशी कोणाची नक्कल असते? मुख्यतः तीन प्रकारच्या कीटकांची. इंग्रजीतली त्यांची नावे मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय. आपल्याला ही नावे परकी असली तरी हे कीटक सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. पावसाळा संपल्यावर स्वच्छ ओढ्यातला एखादा दगड उचलून उलटा करून पाहा. चपट्या अंगाचा, शेपटीकडे दोन-तीन लांब केस असलेला जो प्राणी दगडाला चिकटून सरपटतो, तो बहुधा मेफ्लायचे पिल्लू असतो. वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेल्या नळीत बसलेली अळी कॅडिसची.

मेफ्लायचे आयुष्य विलक्षण आहे. पिल्लू पाण्यात कित्येक महिने, थंड प्रदेशात वर्षभरही काढते. मग एके दिवशी पृष्ठभागावर येऊन कात टाकते आणि पंख फुटून उडते. पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांतला हा एकमेव गण. प्रौढ झाल्यावर त्याला काम देणारे तोंडच नसते. खायचे नाही, फक्त जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी घालायची आणि मरायचे. बहुतेकांचे हे एक-दोन दिवसांत, काहींचे काही तासांतच उरकते. एकाच जातीचे हजारो कीटक एकाच संध्याकाळी बाहेर पडतात आणि त्या वेळी ट्राउट दुसऱ्या कशाकडे बघतही नाही. पाण्यावर आज राखाडी पंखांचा किडा असेल तर तपकिरी माशी कितीही सुबक असो, उपयोग नाही.

म्हणून क्लबचे खरे भांडवल काठ्या नसून नोंदवही आहे. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, पाणी गढूळ की निवळ, कोणता किडा उडत होता, मासा कुठे लागला, सोडला की नेला. वहीत इंग्रजी नावे फारशी नाहीत. 'मोहरीच्या फुलांच्या वेळची', 'सफरचंद काढणीची', 'बर्फ वितळतानाची काळी' अशी किड्यांची नावे मंडळींनीच ठेवली आहेत. मला ती वही पाहून पंचांगाची आठवण झाली. शेतकऱ्याने नक्षत्रांवर पाऊस बांधला, तसे यांनी किड्यांवर नदीचे वर्ष बांधले आहे.

या नोंदींचे मोल खेळापुरते नाही. स्टोनफ्लायला गार, वेगवान, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. सांडपाणी मिसळले की सर्वांत आधी नाहीसा होणाऱ्या कीटकांत तो येतो. नदीचे आरोग्य तपासताना शास्त्रज्ञ हेच तीन गण मोजतात. ज्याला माशी बांधायची आहे त्याला दगड उलटावेच लागतात, आणि जो वर्षानुवर्षे तेच दगड उलटतो त्याला नदी बिघडल्याचे इतरांच्या आधी कळते.

सह्याद्रीचे पीस

या खेळाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इसवी सन २००च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने केला आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधतात आणि ठिपकेदार मासे पकडतात, असे तो सांगतो. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या, डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर असलेल्या एका पुस्तिकेत बारा माश्यांची यादी आहे. आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३चे. एकोणिसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या नद्यांवर श्रीमंत लोकांनी क्लब काढले, काठ भाड्याने घेतले आणि नियम केले. माशी तरंगतीच हवी की पाण्याखालची चालेल, यावर फ्रेडरिक हॅलफर्ड आणि जी. ई. एम. स्क्यूज यांच्या अनुयायांमध्ये आपल्या द्वैत-अद्वैतासारखा वाद कित्येक वर्षे चालला.

या इतिहासात आपल्या डोंगराचाही एक धागा आहे. सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या ब्रिटिश माश्यांच्या दोन्ही बाजूंना मेणासारखे चमकणारे पिवळसर-पांढरे ठिपके असलेले पीस लावत. तो माशीचा 'डोळा'. हे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे. हा पक्षी फक्त भारतात, त्यातही मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भागात सापडतो. कोयनेच्या, भीमाशंकरच्या रानात पहाटे जो तुटक आरवतो तोच हा. आपल्या रानातल्या पक्ष्याची मान कापून ती स्कॉटलंडच्या नद्यांवर जात होती. रानपक्ष्यांच्या कातड्यांची आणि पिसांची निर्यात सरकारने १९०२ साली बंद केली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिले. आज परदेशात मिळणारी ही पिसे तिकडेच पाळलेल्या पक्ष्यांची असतात. साध्या ट्राउटच्या माश्यांसाठी भारतातल्या गावठी कोंबड्यांच्या मानेची पिसेही अनेक दशके बाहेर जात होती. मास्टरजी मात्र पिसे विकत घेत नाहीत. गावात कोंबडा कापला की मान त्यांच्याकडे पोचती होते.

ट्राउट भारतात कसा आला

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. ब्राउन ट्राउट युरोपचा, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघांनाही गार पाणी लागते. पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या पाण्यात तो लिटरमागे १४ मिलिग्रॅमहून अधिक, तर २० अंशांना ९च्या आसपास असतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउट खाणे कमी करतो आणि आणखी तापले तर मरतो. महाबळेश्वरची हवा कितीही थंड वाटली तरी आपल्याकडे ट्राउट का नाही, याचे उत्तर यात आहे.

साहेबाला मात्र जिथे जाईल तिथे आपल्या घरची नदी हवी होती. जिवंत मासा जहाजावर टिकेना, म्हणून अंडी नेण्याची कल्पना निघाली. ट्राउटच्या अंड्यात पिल्लाचे काळे डोळे दिसू लागल्यावर ती काही काळ हलवता येतात. ओल्या शेवाळात ठेवून आणि बर्फाने गार राखून १८६४ साली अशी अंडी इंग्लंडहून टास्मानियापर्यंत पोचली आणि फुटली. भारतात त्याच दशकात फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत ट्राउट आणण्याचे प्रयत्न केले, पण ते फसले. पुढे भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच डे. निलगिरीत यश आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एच. सी. विल्सन यांनी ॲव्हलांच इथे उबवणी केंद्र उभारल्यावर. तिथे रेनबो ट्राउट रुजला. तिथल्या पाण्याची आणि शिकारीची व्यवस्था पाहणारी निलगिरी गेम असोसिएशन ही संस्था १८७७ सालीच स्थापन झाली होती. मुन्नारच्या चहामळ्यांत हाय रेंज अँगलिंग असोसिएशन उभी राहिली.

काश्मीरची कथा अशीच. ड्यूक ऑफ बेडफर्डने १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच गेली. १९०० सालची दुसरी खेप मात्र पोचली. फ्रँक मिचेल हे श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे गृहस्थ. त्यांच्याकडे या पिल्लांची जबाबदारी आली आणि हारवनला उबवणी केंद्र झाले. काश्मीरमधून १९०९च्या सुमारास अंडी कुलूला आली. तिथले अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी कटराईंजवळ उबवणी सुरू केली. तिथून बियास आणि तिच्या उपनद्यांत ब्राउन ट्राउट पसरला. तीर्थनमधला मासा या वंशातला.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, मासा आणि नियम राहिले. परवाना, हंगाम, रोजची मर्यादा हे सगळे राज्याच्या मत्स्य खात्याकडे आले. हिमाचलात ट्राउट थंडीत अंडी घालतो म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पकडण्याला बंदी असते. पतलीकुहल इथल्या सरकारी केंद्राला पुढे नॉर्वेची मदत मिळाली आणि ट्राउट हे शेतीचे, म्हणजे टाक्यांत वाढवून विकण्याचे पीकही झाले.

परक्या माशाने राखलेली नदी

आता अवघड प्रश्नाकडे वळू. ब्राउन आणि रेनबो ट्राउट हे दोन्ही मासे जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. जिथे ते गेले तिथे त्यांनी मूळचे मासे, बेडूक, कीटक खाल्ले. हिमालयाच्या ओढ्यांतला मूळचा मासा आहे स्नो ट्राउट. नाव फसवे आहे. तो ट्राउट नाहीच, रोहू-कटल्याच्या कुळातला आहे आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याची हिमालयभर आढळणारी एक जात आज 'धोक्यात येण्याजोगी' म्हणून नोंदली आहे. तिच्या घटीची कारणे अनेक आहेत, धरणे आणि बेसुमार मासेमारी त्यांत आहेत, पण ट्राउटचेही नाव त्यांत येते.

दुसरी बाजू अशी. तीर्थनच्या शेजारच्या सैंज खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प झाले. खाली लारजीला धरण आहे. तीर्थनवरही प्रकल्पांची आखणी होती. त्याविरुद्ध बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन लढा दिला आणि नदी मोकळी राहिली. ही ट्राउटची नदी आहे, हा त्या लढ्यातला एक मोठा मुद्दा होता. बोगद्यात घातलेल्या नदीत ट्राउट राहत नाही, पण स्नो ट्राउटही राहत नाही, स्टोनफ्लायही नाही. परक्या माशाच्या नावाने वाचलेल्या पाण्यात मूळचे जीवही वाचले. निसर्ग राखण्याच्या लढाया किती वाकड्या वाटांनी जिंकल्या जातात, याचे हे उदाहरण आहे.

क्लबमध्ये या प्रश्नावर एकमत नाही. मास्टरजींचे म्हणणे, 'शंभर वर्षांवर इथे राहिला तो आता इथलाच.' वनस्पतिशास्त्र शिकलेली एक तरुण सदस्य म्हणते, 'राहिला तो राहिला, पण उबवणीतली नवी पिल्ले नदीत का सोडायची?' वरच्या, ट्राउट न पोचलेल्या ओढ्यांत एकही पिल्लू जाऊ द्यायचे नाही, यावर मात्र दोघे एक आहेत. मला हे शहाणपणाचे वाटते. जे झाले ते पुसता येत नाही, पण त्याला सीमा घालता येते.

आणखी एक आवाज मी ऐकला आणि तो क्लबच्या वहीत नाही. चहाच्या टपरीवर एक तरुण भेटला. त्याचा आजा हाताने विणलेल्या जाळ्याने मासे धरत असे. तो म्हणाला, 'भाईसाहब, आजोबा धरायचे तेव्हा ते जेवण होते. मी धरतो तेव्हा ती चोरी. दिल्लीचा माणूस परवाना काढून धरतो आणि फोटो काढून सोडतो, तेव्हा ते पर्यटन.' त्याला उत्तर देणे सोपे नाही. जाळे मर्यादेत राहते, पण रात्री ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंगाची दारू टाकणारेही त्याच गावात आहेत, आणि त्यांनी एका रात्रीत मारलेले पाणी भरून यायला काही वर्षे लागतात. क्लबने अलीकडे अशा चार तरुणांना वाटाडे म्हणून तयार केले आहे. परगावचा पाहुणा मासा धरायला आला की त्याची मजुरी त्यांना मिळते. पाण्यावर त्यांचीच नजर सर्वांत तीक्ष्ण असते, कारण चोरवाटा त्यांना ठाऊक असतात. हा उपाय पुरेसा आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याचा हक्क गेला त्याला निदान राखणदाराचा मान आणि मोबदला मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

राजाचे पाणी, देवाचे पाणी, क्लबचे पाणी

माझ्या मूळ अभ्यासाकडे येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. शंभर प्रकरणांच्या या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हे एक. माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणते आमिष, काठी, दोर आणि गळ कसा असावा, हे सगळे त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादित केला आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लिहून ते जगापुढे मांडले. म्हणजे गळ हा करमणुकीचा आणि अभ्यासाचा विषय आपल्याकडे इंग्रजी पुस्तिकेच्या साडेतीनशे वर्षे आधी झाला होता. पण ते राजाचे पाणी होते.

दुसरे देवाचे पाणी. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. तिथले मासे देवाचे, त्यांना कोणी धरत नाही. हिमाचलातही जोगिंदरनगरजवळ मच्छियाल नावाचा असाच डोह आहे. या डोहांतले मोठे मासे महसीर, म्हणजे आपली खडशी. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा जातीचे नाव स्थानिक बोलीवरूनच 'खुद्री' असे ठेवले. धरणे, मैलापाणी आणि सुरुंग यांनी तिचे पाणी आकसत गेले. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून तिची पिल्ले तयार करून ठिकठिकाणी दिली आहेत.

तिसरे पाणी क्लबचे. मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या तलावातल्या गाळाची आणि जलपर्णीची काळजी वाहणाऱ्यांत गळ टाकणारी मंडळीही असतात, यात नवल नाही.

राजाचे पाणी सत्तेने राखले गेले, देवाचे श्रद्धेने, क्लबचे नियमाने. तिन्हींना मर्यादा आहेत. सत्ता गेली की पाणी उघडे पडते. श्रद्धा डोहापुरती असते आणि वरच्या अंगाला कारखाना आला तर देवाचे मासेही मरतात. नियम ज्यांनी केले त्यांच्या सोयीचे असतात. मात्र क्लबच्या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे जी बाकी दोघांत नव्हती, ती म्हणजे नोंद. देवाच्या डोहात मासा किती वर्षांपासून आहे हे गावाला माहीत असते, पण गेल्या दहा वर्षांत पाणी किती तापले, कोणता किडा दिसेनासा झाला, हे लिहिलेले नसते. पाणी तापते आहे ही गोष्ट हिमालयात ट्राउटवाल्यांना जाणवू लागली आहे. पूर्वी जुलैत जिथे मासा लागायचा, तिथे आता त्यासाठी आणखी वर चढून जावे लागते, असे वही चाळताना मास्टरजी दाखवत होते. वर चढायलाही नदीला शेवट असतो.

आपल्या नद्यांत ट्राउट नाही आणि कोणी आणूही नये. पण खडशी आहे, मरळ आहे, वाम आहे, दगडाखाली मेफ्लायचे पिल्लू आहे. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, पोहणारी मुले आहेत, पाग टाकणारे भोई आणि कातकरी आहेत, ज्यांच्याइतके पाणी कोणालाच कळत नाही. एक थर्मामीटर, एक वही आणि महिन्यातून एकदा तोच ठरावीक दगड उलटून पाहण्याची शिस्त एवढ्यावर काम सुरू होते. मी नीरेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावच्या ओढ्यावर गेल्या कार्तिकापासून अशी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर किड्यांची नावे गावातल्या एका पागवाल्या आजोबांनी सांगितली तशीच लिहिली आहेत. ज्या वाचकांच्या गावी अजून वाहते पाणी आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक वही उघडावी. ओढ्याला आता निवळ आली असेल. दगड उलटायला हाच काळ चांगला.